‘त्याचं तो बघेल’ म्हणणाऱ्यांना

दारू सोडायला निघालेल्या माणसाच्या मित्रमंडळींत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो अगदीच टाकाऊ नाही, म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. ‘सोडायची आहे ना त्याला? मग सोडावी. आम्ही काही त्याच्या घशात ओतायला जात नाही. पण त्यानं सोडली म्हणून आम्ही आमची शनिवारची बैठक का मोडायची? उद्या तो ऑफिसच्या पार्टीला जाईल, मेव्हण्याच्या हळदीला जाईल, तिथे काय बाटल्या झाकून ठेवणार आहेत? मनानं पक्का असेल तर समोर खंबा ठेवला तरी हात लावणार नाही. पक्का नसेल, तर आम्ही सगळे सरबत प्यायलो तरी फरक पडणार नाही.’ या बोलण्यात व्यक्तिस्वातंत्र्य आहे, व्यवहार आहे, शिवाय मित्राच्या मनोबलावर केवढा तरी विश्वास असल्याचा आव आहे. बोलणारे बहुतेक भले लोक असतात. मित्राच्या आईच्या ऑपरेशनच्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिलेले, अडीनडीला न मागता पैसे काढून दिलेले. अशा लोकांशी वाद घालण्यात अर्थ असतो. ज्यांना मित्राचं काही पडलेलंच नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही.

युक्तिवादातला निम्मा भाग मला मान्य आहे. सोडायची ती त्यालाच. त्याच्या वतीनं दुसरा कोणी सोडू शकत नाही, आणि त्याच्या मनात नसताना मित्रांनी कितीही जोर लावला तरी दारू सुटत नाही. पण इथे ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या मनात आहे. त्यानं तोंडानं सांगितलंय, ‘मला आता थांबायचंय रे.’ हे वाक्य उच्चारायला त्याला कित्येक महिने, कदाचित वर्षं लागली असतील. त्यानंतर ‘त्याचं तो बघेल’ म्हणणारा स्वतःला तटस्थ समजतो. हा त्याचा गैरसमज आहे, आणि माझं भांडण नेमकं या गैरसमजाशी आहे.

शनिवारची ती बैठक जरा जवळून पाहू. तो येतो, कारण बोलावलंय आणि घरी बसून करायचं काय हा प्रश्न आहे. पहिला अर्धा तास सगळे समजूतदारपणे वागतात. कोणीतरी आठवणीनं त्याच्यासाठी थम्स अप आणलेलं असतं. शेंगदाणे, चकली, चिकन असा चकणा मध्ये येतो आणि तोच तो चकणा कोरड्या तोंडानं खाताना त्याला पहिल्यांदा जाणवतं की आपण एकटे आहोत. दुसऱ्या पेगनंतर चेष्टा सुरू होते. ‘काय रे, वहिनींनी कुलूप घातलं का?’ ‘बुवा झाला आपला!’ तिसऱ्यानंतर जुन्या आठवणी निघतात, आणि त्या सगळ्या कुठे ना कुठे प्यायल्याच्याच असतात: गोव्याची ट्रिप, कॉलेजचं गॅदरिंग, कोणाची गाडी कुठल्या खड्ड्यात गेली होती ते. मग कोणाला तरी भरून येतं. ‘एक घोट रे. माझं प्रमोशन झालंय, माझ्यासाठी घे. उद्यापासून परत बंद.’ घशात कोणीच ओतलेलं नाही. फक्त तीन तासांत त्याला वारंवार नाही म्हणावं लागलंय, आणि प्रत्येक नकाराला तो जरा जास्त परका, जरा जास्त रसभंग करणारा ठरलाय. एकदा हो म्हटलं की टेबलावर टाळ्या वाजतात. याला तटस्थता म्हणायचं असेल तर आग्रह कशाला म्हणतात ते तरी सांगा.

‘आमची चेष्टा मनावर घ्यायची नसते, आमचा स्वभावच तसा’ असं यावर कोणी म्हणेल. स्वभाव नाही तो. याच टोळक्यातल्या एखाद्यानं पंढरपूरला जाऊन माळ घातली की काय होतं, आठवून बघा. कोणी त्याच्या ग्लासात ओतत नाही. ‘माळकरी आहे तो’ एवढं पुरतं. ऑर्डर देतानाच त्याच्यासाठी शाकाहारी ताट वेगळं सांगितलं जातं, आणि नव्या आलेल्या एखाद्या उत्साही पाहुण्यानं आग्रह केलाच तर हेच लोक त्याला गप्प करतात. नवरात्राचे उपास करणाऱ्यालाही कोणी छेडत नाही. ‘अँटिबायोटिक चालू आहे’ म्हटलं तरी सुटका होते. म्हणूनच दारू सोडलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं न दुखणाऱ्या दाताची आणि न घेतलेल्या गोळ्यांची नावं सांगत फिरतात. याचा अर्थ आग्रह न करण्याची कला आपल्या सगळ्यांना उत्तम येते. विठ्ठलासाठी येते, देवीसाठी येते, केमिस्टच्या बिलासाठीसुद्धा येते. ‘मला ती झेपत नाही, मी तिच्या ताब्यात गेलोय’ असं खरंखुरं कारण समोरच्यानं दिलं की मात्र आपल्याला स्वभाव आठवतो. दैवताचा मान राखणारी ही मंडळी मित्राच्या कबुलीचा मान राखू शकत नाहीत असं मी मानणार नाही. त्यांना तसं करायचं सुचलेलं नाही, किंवा त्याच्या कबुलीनं त्यांना स्वतःच्या ग्लासाकडे बघावं लागतं आणि ते नको असतं.

आता ‘फरक पडणार नाही’ या भागाकडे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांचा हृदयरोगासाठी सुरू झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या पिण्याच्या सवयी आणि त्यांची नातीगोती, मैत्र्या हे एकत्र मांडून केलेला निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्याच्या निकटच्या वर्तुळात भरपूर पिणारा माणूस होता, त्याच्या स्वतःच्या भरपूर पिण्याची शक्यता ५० टक्क्यांनी वाढलेली दिसली. जवळचा माणूस न पिणारा असेल तर आपणही न पिण्याची शक्यता २९ टक्क्यांनी वाढलेली. पिणारे पिणाऱ्यांनाच शोधतात, त्यामुळे कोण कोणाला ओढतंय हे अशा आकड्यांतून पूर्ण सुटं करता येत नाही, ही शंका रास्त आहे. म्हणून दुसरा अभ्यास सांगतो. कनेटिकट विद्यापीठात मार्क लिट आणि सहकाऱ्यांनी उपचाराला आलेल्या मद्यपींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींच्या उपचारांचा रोख मुख्यतः एकाच गोष्टीवर ठेवला: ओळखीपाळखीचं वर्तुळ बदलणं, न पिणाऱ्यांशी मुद्दाम संबंध जोडणं. दोन वर्षांनंतरही दुसऱ्यांची स्थिती चांगली होती. वर्तुळात एका न पिणाऱ्या माणसाची भर पडली, तर पुढचं वर्षभर कोरडं जाण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा हिशोब आहे. एका माणसाची. संपूर्ण टोळक्यानं संन्यास घ्यावा असं कोणी म्हणत नाहीये.

मनाच्या पक्केपणाची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती नुसती चुकीची नाही, धोक्याचीही आहे. दारू मेंदूला मंद करते. ती रोज, भरपूर, वर्षानुवर्षं मिळाली की मेंदू तिच्या विरुद्ध दिशेनं जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. मग एक दिवस दारू एकदम काढून घेतली की तो उलटा जोर तेवढा उरतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. सकाळी चहाचा कप धरता यावा म्हणून आधी घोटभर घ्यावी लागते, अशा अवस्थेला पोचलेल्या मित्राला ‘मर्द असशील तर आजपासून बंद!’ असं आव्हान देणं म्हणजे त्याला नकळत मोठ्या संकटात ढकलणं आहे. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, तिथे हे रोजचं काम आहे. ठरावीक गोळ्या देऊन त्यांचा डोस दिवसागणिक उतरवत नेतात, थायमिनची इंजेक्शनं देतात, चार-आठ दिवसांत शरीर सावरतं. त्याच गोळ्या केमिस्टकडून स्वतःच्या मनानं आणून द्यायच्या नाहीत; दारूच्या जोडीनं त्या घातक ठरतात. त्याची तब्येत कितपत बिघडली आहे हे ठरवणं मित्राचं काम नाही. रिक्षा बोलावणं, केसपेपर काढायच्या रांगेत उभं राहणं आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ‘रोज क्वार्टर’ असं सांगू पाहणाऱ्या मित्राला हळूच खरा आकडा सांगायला लावणं, हे मात्र मित्राला जमतं.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे २ कोटी ९० लाख माणसं दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा दर ३८ जणांतल्या एकालाच कसले ना कसले उपचार मिळाल्याचं त्यात दिसतं. उरलेल्या ३७ जणांच्या आसपास मित्र नव्हते काय? होतेच. ‘त्याचं तो बघेल’ म्हणत होते.

पक्केपणाच्या याच समजुतीतून श्रावणाचा दाखला निघतो. ‘व्यसनी कसला? दर वर्षी श्रावण कडक पाळतो.’ पाळतो, खरं आहे. आषाढी अमावास्येला, म्हणजे आपल्या गटारीला, महिनाभराची बेगमी एका रात्रीत करतो आणि श्रावण संपल्याच्या संध्याकाळी पुन्हा परमिट रूमच्या दारात हजर होतो. महिनाभर थांबता येणं आणि पुन्हा सुरू केल्यावर दोन पेगवर थांबता येणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि मित्राची गेलेली आहे ती दुसरी. शिवाय श्रावणात त्याला कोण मदत करत असतं? तो एकटा थोडाच थांबलेला असतो? निम्मं टोळकं थांबलेलं असतं, घरात मांसमच्छी बंद असते, कोणी बोलावत नाही, कोणी चिडवत नाही. श्रावणातलं यश त्याच्या खात्यावर टाकणारे लोक भाद्रपदातलं अपयशही एकट्या त्याच्याच खात्यावर टाकतात.

‘बाहेर दारू असणारच, त्याला काय जन्मभर काचेच्या कपाटात ठेवणार?’ हा उरलेला आक्षेप. ठेवायचं नाही. मोडलेल्या पायाला घातलेलं प्लास्टर काही आठवड्यांनी काढतातच, पण पुढे चालायचंच आहे म्हणून कोणी पहिल्याच दिवशी पेशंटला जिना चढायला लावत नाही. सुरुवातीचे काही महिने वेगळे असतात. झोप लागत नसते, चिडचिड होत असते, संध्याकाळी सात वाजले की शरीर सवयीनं त्या वेळेची आठवण करून देतं. ठरावीक वळण, वाइन शॉपची ठरावीक पाटी, ठरावीक माणसाचा फोन, एवढंही तलफ उठायला पुरतं. तलफ आली तरी ती टिकून राहत नाही. बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते, आणि तेवढा वेळ कसा काढायचा हाच खरा प्रश्न असतो. तेवढ्या वेळात समोर भरलेला ग्लास असणं आणि समोर पिठलं-भाकरी असणं यात फरक पडत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं दारूकडे कधी नीट पाहिलेलंच नाही, पीत असला तरीही.

इथवर माझ्या बाजूनं माना हलवणाऱ्यांशीही मला थोडं बोलायचंय. ‘त्याचं तो बघेल’वाल्यांच्या समोरच्या कट्ट्यावर दुसरी एक जमात बसलेली असते: सुधारक मित्र. हे मित्राची दारू स्वतःच सोडवायला निघतात. देवळात नेऊन नारळावर हात ठेवून शपथ घालतात, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. शपथ मोडली की त्या माणसाला दारूची लाज असतेच, वर पोराचं वाईट चिंतल्याची भीती बसते, आणि दोन्हींवरचा उपाय त्याला एकच ठाऊक असतो. हे सुधारक तोंडाचा वास घेतात, खिसे तपासतात, रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून ‘डोळे दाखव’ म्हणतात. चार जण मिळून त्याला घेरतात आणि त्याच्या पापांचा पाढा वाचतात. अशा घेरण्याचा उपयोग किती, हेही मोजून झालेलं आहे. उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या घरच्यांवर न्यू मेक्सिकोत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीनं ३० टक्के माणसं उपचाराला आली. घरच्यांना भांडण टाळायला, न प्यायलेल्या वेळी जवळ यायला आणि योग्य क्षणी उपचाराची गोष्ट काढायला शिकवलं, तेव्हा ६४ टक्के आली.

आणि ती पुडी! ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात भिंतीवर, एसटी स्टँडवर, छोट्या वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात वाचलेली नाही असा मराठी माणूस विरळा. भाजीत कालवा, चहात टाका, महिन्याभरात गुण. त्या पुड्यांत काय असतं ते विकणाराच जाणे. पण नकळत देण्याच्या या कल्पनेतून पुष्कळ घरांत डायसल्फिराम नावाची खरी गोळीही चहात विरघळवली जाते. हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये दारूवर वापरात आलं. शरीरात दारूचं विघटन होताना मधल्या टप्प्यावर ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, आणि या गोळीमुळे त्याचा पुढे निचरा होत नाही. वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, काळीज धडधडतं, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असलेल्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर जवळजवळ दोन आठवडे हा धोका राहतो. माहिती असलेल्या, कबूल झालेल्या, डॉक्टरांनी तपासलेल्या माणसाला ही गोळी उपयोगी पडते, कारण सकाळी ती घेतली की दिवसभरापुरता निर्णय झालेला असतो. नकळत दिली तर ती विषप्रयोगाच्या फार जवळ जाते. शिवाय माणसाला कधी तरी कळतंच. त्या दिवसापासून तो घरचा चहासुद्धा संशयानं पितो, मग तुमचं ऐकणार कधी?

सुधारक आणि अलिप्त यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एक त्याच्या मनोबलाची परीक्षा घेतो, दुसरा त्याच्या मनोबलावर कब्जा करतो. संध्याकाळी सात ते दहा त्यानं करायचं काय, याचं उत्तर दोघांकडेही नसतं.

ते उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच त्यावर भाषणं होत नाहीत. ‘शनिवारी आम्ही बसणार आहोत, तुला बोलावत नाही, रविवारी सकाळी सहाला सिंहगडावर जाऊ, मी घ्यायला येतो,’ असं त्याला स्पष्ट सांगणं. लपवून बसायचं नाही, ते त्याला कळतं आणि जास्त लागतं. ग्रुपमधल्या त्या एका आग्रही भिडूला आधीच, एकटं गाठून, दम देणं. हळदीला जावंच लागणार असेल तर त्याच्याबरोबर जाणं, स्वतः न पिणं आणि जेवणं झाली की ‘चल, मला उद्या लवकर उठायचंय’ असं आपण होऊन म्हणणं, म्हणजे निघण्याचं निमित्त त्याला शोधावं लागत नाही. रात्री साडेनऊला फोन आला तर उचलणं आणि उपदेश न करता क्रिकेटबद्दल बोलणं. उसने पैसे हातात देण्याऐवजी लाइटचं बिल भरून टाकणं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जायला तो कचरत असेल तर सोबत जाणं. त्यांच्या खुल्या सभांना मित्रांनाही बसता येतं. भारतात ही मंडळी १९५७ पासून आहेत आणि फी वगैरे काही नसते. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत, आणि मित्रालाही तिथे विचारता येतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हातभार लावला, तेव्हापासून निदान शहरांत तरी ‘कुठे न्यायचं?’ हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. पण कुठलंही केंद्र घ्या, तिथला मुक्काम काही आठवड्यांचा. फाटकाबाहेर पडल्यावरची पहिली संध्याकाळ केंद्राच्या हातात नसते. ती आपल्या हातात असते.

‘एवढं सगळं आम्ही का करायचं? घरचे आहेत की!’ या प्रश्नापाशी मराठी माणसाला गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवायला हवा. १९१९ पासून आपण ते नाटक दारूचं नाटक म्हणून पाहतो. मला ते मित्रांचंही नाटक वाटतं. त्यातल्या सुधाकराला पहिला प्याला देणारा तळीराम त्याचा कारकून. तो तर आर्य मदिरा मंडळच चालवतो, म्हणजे पिण्याला समाज, सभासद आणि दिमाख मिळवून देतो. आणि खरा हितचिंतक रामलाल? तो आरंभीच विलायतेला निघून जातो. सज्जन मित्र परदेशी आणि दुर्जन मित्र रोज हजर, एवढी मांडणी झाल्यावर मधे उरते ती सुधाकराची बायको सिंधू. गडकऱ्यांच्या नंतर शंभरहून अधिक वर्षं उलटली, पण मित्राच्या दारूचं ओझं त्याच्या बायकोवर टाकून मोकळं होण्याची आपली रीत काही बदललेली नाही. बैठकीत ‘वहिनींनी कुलूप घातलं का?’ म्हणून हसणारे लोक तो जिना चढताना पडला की ‘वहिनींचं लक्ष नव्हतं’ असंही म्हणतात. त्या बाईनं पहारा ठेवला तर ती कजाग, नाही ठेवला तर बेफिकीर. सात ते दहामधली एखादी संध्याकाळ आपण उचलली, तर त्या घरात तिलाही एक संध्याकाळ मिळते. हा मुद्दा मला आकडेवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

सरकारकडे बोट दाखवून सुटू पाहणारेही आहेत. ‘आधी दुकानं बंद करा, मग आम्हाला शिकवा.’ चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. दोन्ही बाजूंचे लोक अजून आकडे घेऊन भांडताहेत आणि त्यांनी भांडावंही, तो महत्त्वाचा वाद आहे. पण तुमच्या मित्राच्या गल्लीतलं दुकान उद्या चालू राहणार की बंद होणार, यावर तुमचा काही ताबा नाही. तुमच्या टेबलावर आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो विचारणारा बहुधा एकदा पोळलेला असतो: ‘हे सगळं केलं होतं. तरी पुन्हा प्यायला. आता?’ याचं उत्तर १९३५ सालच्या एका घटनेत सापडतं. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा दलाल फसलेल्या धंद्याच्या कामात ओहायोमधल्या ॲक्रन गावी अडकला होता. पाच महिन्यांपासून तो प्यायलेला नव्हता. हॉटेलच्या एका बाजूला बार, खिशात फारसं काही नाही, ओळखीचं कोणी नाही. मन घट्ट करून खोलीत बसण्याऐवजी त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली; ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा एखादा दारुडा त्याला हवा होता. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि तासन्‌तास बोलत बसले. विल्सन पुढे त्यांच्या घरीच मुक्कामाला राहिला. आणि काही आठवड्यांतच डॉक्टर अटलांटिक सिटीला एका परिषदेला गेले आणि वाटेतच पुन्हा भरपूर प्यायले. ‘आम्ही प्रयत्न केला होता’ म्हणायला याहून चांगलं निमित्त कोणतं? विल्सननं बॅग भरली नाही. त्यानं आणि डॉक्टरांच्या पत्नीनं मिळून त्यांना सावरलं, कारण थोड्याच दिवसांत डॉक्टरांना एक ऑपरेशन करायचं होतं. त्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून विल्सननं स्वतःच त्यांना बिअरची एक बाटली दिली, यावरून त्यांची अवस्था कळावी. तो दिवस १० जून १९३५. त्यानंतर १९५० साली वारेपर्यंत डॉ. बॉब प्यायले नाहीत, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आपला जन्मदिवस तोच मानते.

म्हणून मित्र पुन्हा प्यायला असं कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, तो शुद्धीवर असताना. ‘इतके दिवस वाया घालवलेस’ म्हणायचं नाही. ते दिवस वाया गेलेले नसतात, त्या काळात त्याच्या यकृताला मिळालेली विश्रांती, त्याला लागलेली झोप, त्याच्या पोरांशी झालेलं बोलणं हे सगळं खरंच घडलेलं असतं. हात थरथरताहेत का, काही खाल्लंय का ते बघायचं. थरथरत असतील तर पुन्हा डॉक्टर. नसतील तर काल काय झालं, कोण भेटलं, कितीला निघालास एवढं विचारायचं, आणि तो सांगेल त्यातून पुढच्या वेळी कुठल्या रस्त्यानं घरी यायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. रविवारचा सिंहगड रद्द करायचा नाही.